सहा पाट्यांची कमान

जीपचं पुढचं डावं चाक वीतभर वर उचललं गेलं होतं आणि हवेत गरगर फिरत होतं. मागचं उजवं नुसतं टेकल्यासारखं होऊन जागच्या जागी धूळ उडवत होतं. उरलेली दोन चाकं खडकावर गप्प उभी होती, त्यांना जणू या भानगडीत पडायचंच नव्हतं.

"पाय काढा बाई, पाय काढा!" भिका मिस्त्री खालून ओरडला.

मी पाय काढला. हवेतलं चाक आपल्याच नादात आणखी थोडं फिरलं आणि हळूहळू थांबलं.

वरच्या दगडावर माझी अठरा मुलं ओळीनं बसली होती. शाळा बुडवून नव्हे; त्या दिवशी शाळाच मी तिथे आणली होती.

"एकवीस वेळा फिरलं, बाई," सुरमी म्हणाली. "पण गाडी पुढे गेली नाही."

"हिला गप बसवा," भिका म्हणाला. "आधीच डोकं फिरलंय माझं."

"ते किती वेळा?" मागून कुणीतरी विचारलं, आणि अठरा जणं खिदळली. भिकालाही हसू आलं, पण त्यानं ते मिशीत दाबलं. तो गुडघ्यावर बसून त्या लोंबत्या चाकाकडे बघत राहिला.

या गोष्टीला आता एकोणचाळीस वर्षं झाली. काकडपाणी हा सातपुड्याच्या माथ्यावरचा पाडा, बत्तीस घरांचा. खाली बोरठाण हे मोठं गाव. मधे सात किलोमीटरची वाट; तिच्यावरून माणूस जाई, शेळी जाई, बैलगाडी जात नसे. निम्म्या वाटेवर खडकाच्या ओबडधोबड पायऱ्या होत्या. मुलं त्या जागेला जिना म्हणत. जीप तिथेच अडकली होती, आणि ती अडकण्याची ती चौथी वेळ होती.

आमच्या संस्थेनं काकडपाण्याला त्याआधी चार वर्षं शाळा सुरू केली होती. एक खोली, अठरा मुलं आणि मी. शाळेला सरकारी मान्यता मात्र मिळाली नव्हती. अधिकाऱ्यानं शाळा स्वतः येऊन पाहिल्याशिवाय ती मिळणार नव्हती, आणि हे पाहणंही मार्चअखेरच्या आत व्हायला हवं होतं. नाहीतर शाळा बंद. तपासणीचं काम कुलथे नावाच्या साहेबांकडे होतं. मी दोनदा त्यांच्या कचेरीत जाऊन आले होते. माणूस सज्जन. पायजमा वर करून त्यांनी मला आपले सुजलेले गुडघेच दाखवले होते.

"बाई, हे बघा. हे गुडघे घेऊन मी सात किलोमीटर चढू? तुम्ही गाडी आणा, मी येतो. गाडी नाही, तर मी नाही. कंटाळा करत नाही हो, खरंच सांगतो."

म्हणून ही जीप. लष्कराच्या लिलावातून आलेली, चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणारी, संस्थेच्या गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलेली. माझे वडील ट्रक चालवत. मला त्यांनी सायकलच्या आधी स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं, त्यामुळे चालवायचं कसं हा प्रश्न नव्हता. प्रश्न होता त्या जिन्याचा.

भिका मिस्त्रीचं तालुक्याला कमानपाट्याचं दुकान होतं. गाडीच्या चाकाच्या दांड्यावर लोखंडी पट्ट्यांची एकावर एक रचलेली कमान असते. त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात. गाडीचा भार त्या पाट्यांवर. आमच्या भागातली प्रत्येक गाडी दुप्पट माल वाहणारी. त्यामुळे तीस वर्षं भिकाकडे एकच दुखणं येई, गाडी बसली. आणि भिकाचं औषधही एकच, आणखी एक पाटा टाक. आमच्या जीपलाही त्यानं तेच दिलं. पुढच्या कमानीत नऊ पाटे होते, त्याचे अकरा केले. जीप छाती काढून उभी राहिली. भिका तिच्याकडे असा बघायचा, जसं कुणी आपल्या पोळ्याच्या बैलाकडे बघावं.

आणि तीच जीप जिन्यावर चौथ्यांदा एक पाय वर करून उभी होती.

"आनखी एक पाटा टाकून पाहू," भिका म्हणाला.

"भिकाभाऊ, एकवीस दिवस उरलेत."

"म्हनून तर. दोन टाकू."

आम्ही दगड रचून, ढकलून, सगळ्या पाड्याला हाताशी धरून जीप कशीबशी मागे घेतली आणि भिका तिला घेऊन तालुक्याला गेला.

दुसऱ्या दिवशी गणिताचा तास होता. मी फळ्यावर लिहीत होते आणि माझं टेबल डुगडुगत होतं. शाळेतली जमीन शेणामातीची, उंचसखल. टेबलाचा एक पाय कायम अधांतरी, त्याच्याखाली मी कागदाची घडी घालत असे. त्या दिवशी घडी घालता घालता माझा हात थांबला.

"मुलांनो, काल गाडीचं चाक कसं उभं होतं?"

"वर!" अठरा हात वर गेले.

"हे टेबल बघा. याचा कुठला पाय वर आहे? आणि का?"

मग गणित राहिलंच. आम्ही टेबल अंगणात आणलं. काकडपाण्याची मुलं पावरी बोलणारी. मराठी त्यांना माझ्याकडूनच आलेली, त्यामुळे ती पुस्तकासारखं बोलत.

"बाई, एक पाय कापून टाकावा," दित्या म्हणाला. "तीन पायांचं डुगडुगत नाही. आमच्याकडे तिवई आहे."

"शाबास. पण जीपचं एक चाक कापता येईल का?"

दित्यानं बराच विचार केला. "भिका मिस्त्री देणार नाहीत," तो म्हणाला.

"पायाखाली दगड ठेवावा."

"रस्त्यात किती ठिकाणी ठेवणार?"

 मी कुणालाच घाई केली नाही. मुलं विचार करत असताना बोलू नये, एवढं मला तेव्हाही कळत होतं. अंगणात मोहाच्या फुलांचा वास भरला होता. वारा नव्हता, तरी एकेक फूल आपणहून सुटून खाली पडत होतं.

"बाई," सुरमी म्हणाली, "आमची खाट डुगडुगत नाही."

सुरमी तेव्हा नऊ वर्षांची असेल. बारीक, सावळी. ती उठून गेली आणि आपल्या घरून खाट डोक्यावर घेऊन आली. सुंभानं विणलेली, सांधे खिळखिळे झालेली. जिथे टेबल डुगडुगत होतं तिथेच तिनं ती ठेवली. चारही पाय टेकले. मग तिनं एका पायाखाली वीट सरकवली. तरी चारही पाय टेकलेलेच. मी स्वतः बसून पाहिलं. खाट जराशी कुरकुरली, अंगातून किंचित पिळली गेली, आणि प्रत्येक पायानं आपापली जमीन शोधली.

"का गं असं?"

सुरमीनं खाटेचा सांधा हलवून दाखवला. "हिचं अंग ढिलं आहे, बाई. टेबल ऐकत नाही. खाट ऐकते."

त्याच शनिवारी मी तालुक्याला गेले. भिका बाराव्या पाट्याला भट्टीत लाल करत होता.

"भिकाभाऊ, पाटे काढायचे."

त्यानं घण खाली ठेवला. "कोनते?"

"कमी करायचे. अकराचे सहा."

"बाई, तब्येत बरी आहे ना?"

मी त्याला टेबलाचं सांगितलं, खाटेचं सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचे कान लाल होत होते.

"तीस वर्सं झाली मला या भट्टीपुढं," तो म्हणाला. "आता खाटेवरून गाडी शिकवता मला? त्या पोरीच्या खाटेवरून?"

"मी नाही शिकवत. मी विचारते आहे. एक चाक वर चढलं की दुसरं वर का उचललं जातं?"

"कमान कडक म्हनून."

"कडक कुणी केली?"

 भिकानं भट्टीचा पंखा बंद केला. मग अंगरख्याला हात पुसत जीपखाली सरपटत गेला आणि बराच वेळ खालीच राहिला. मी बाहेर बाकावर बसून चहा संपवला. शेवटी त्याचा नुसता आवाज आला.

"सहा ठेवले तर बसून जाईल ती. उंची जाईल. दगड पोटाला लागतील."

"मग?"

"मग त्या सहांना नवा बाक द्यावा लागेल. जास्तीचा. आनि कमानीचं टोक ज्या पट्टीला झुलतं, ती पट्टी दोन बोटं लांब." खाली पाना खणखणला. "आनि उरलेली उंची टायरांनी घ्यायची. रुंद टायर. लिलावातले पडलेत माज्याकडं."

"म्हणजे होईल?"

"मी होईल म्हनलो नाही. मी खाली पडून विचार करतोय."

पुढच्या आठ दिवसांत मी शनिवार-रविवार आणि एक सुट्टीचा वार तिथेच काढला. पाटे लाल होत, घणाखाली वाकत, तेलात बुडून फुत्कारत. रुंद टायर बसवले तर ते पूर्ण वळताना मडगार्डाला घासू लागले. भिकानं छिन्नीनं पत्रा कापला. मग आतून कमानीला घासू लागले. त्यानं वळण थोडं आखूड केलं. "आता हिला वळायला आंगन लागेल," तो म्हणाला, "पन घासनार नाही." मग पुढच्या एका चाकाखाली ट्रकच्या रिमा रचून त्यानं ते मांडीएवढं वर उचललं. दुसरं चाक जमिनीवरच राहिलं. आम्ही दोघं हसलो. आणि तेवढ्यात तो एकदम वाकला.

"बाई, हिकडं बघा."

खाली राहिलेल्या चाकाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली होती.

"चाक आता खाली जास्त जातं. नळी तेवढीच. घाटात तुटली असती," भिका म्हणाला. "ब्रेक गेले असते." त्यानं ती ताणलेली नळी बोटानं दाबून पाहिली. मग लांब नळी शोधायला गेला. 

जिन्यावरची पाचवी वेळ मला अजून स्वप्नासारखी आठवते. सकाळ होती, उन्हाला धार आली नव्हती. जिन्याच्या पायथ्याशी भिकानं चारही टायरांतली हवा सोडली. हवेचा तीसवर असलेला काटा बारावर आणला. टायर खाली फुगून रुंद झाले, उंटाच्या पावलांसारखे. मी सगळ्यात खालचा गिअर टाकला आणि पाय जवळजवळ उचलूनच घेतला.

जीप चालू लागली. चालूच लागली असंच म्हणायला हवं, कारण तिचा वेग माणसाच्या चालीचा होता. भिका एक हात बॉनेटवर ठेवून बाजूनं चालत होता, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. पुढचं चाक खडकाशी आलं, टायरनं खडकाला मिठी मारली आणि ते वर गेलं. दुसरं चाक खळग्यापाशी आलं आणि पाण्याचा अंदाज घेणाऱ्या पावलासारखं हळूच खाली उतरलं. मी मात्र जागच्या जागी होते. खाली सगळं वरखाली होत होतं आणि मी कुठल्याशा संथ पाण्यावर बसले होते. पाटे एकमेकांवर घासून बारीक आवाज करत होते. मुलं दोन्ही बाजूंनी चालत होती आणि पायऱ्या मोजत होती. सहावी पायरी, सातवी, आठवी. मग एकदम समोर आभाळ आलं आणि माथा आला.

"एकदाही रिकामं फिरलं नाही, बाई," सुरमी म्हणाली.

भिकानं तिच्या डोक्यावर तेलकट हात ठेवला. तिचे केस काळेच होते, म्हणून दिसलं नाही.

त्यानंतरचा आठवडा मी रोज जीप वर-खाली केली. हात बसायला हवा होता. मुलं रोज माथ्यावर वाट बघत उभी असत आणि शेवटचा तुकडा मी त्यांना बसवून आणत असे. कुणी बॉनेटवर, कुणी पायरीवर. तो आठवडा त्यांना सणासारखा होता. मी मुलांची तयारीही करून घेतली. पाढे, नकाशा, वाचन. आणि एक गोष्ट रोज सांगितली, "साहेब विचारतील ते मोठ्यानं सांगायचं. खरं सांगायचं. घाबरायचं नाही."

मार्चच्या अठ्ठावीस तारखेला कुलथेसाहेब बोरठाणला उतरले. मागच्या सीटवर भिका, इस्त्रीचा शर्ट घालून. साहेब माझ्या शेजारी बसले, दोन्ही हातांनी समोरची दांडी घट्ट धरली आणि म्हणाले, "बाई, हळू. गुडघे जपा."

"साहेब, हिला हळूच जाता येतं."

"घरच्यांची हरकत नाही ना, तुम्ही गाडी चालवता त्याला?"

"घरी मी एकटीच आहे साहेब. माझी हरकत नाही."

ते मोठ्यानं हसले आणि त्यांची दांडीवरची पकड सैल झाली. पहिल्या चढाला त्यांनी मला आपल्या दोन मुलांची माहिती सांगितली. दुसऱ्या चढाला शब्दांमधलं अंतर वाढलं. रानात मोहाची फुलं सांडली होती, टायरांखाली ती चिरडत आणि गोड, जड वास वर येई. जीप डावीकडे कलायची, उजवीकडे कलायची. साहेबांची मान पहिल्यांदा माझ्याकडे झुकली, मग बाहेर झुकली, आणि मग छातीवर टेकली.

"झोपले," भिका मागून कुजबुजला. त्याचा आवाज आनंदानं कापत होता. "बाई, पाळना झालाय पाळना."

आम्ही जिना चढलो. साहेबांच्या तोंडातून बारीक शीळ येत होती. मी एकेक चाक असं उतरवत होते, जसं निजलेल्या मुलाच्या अंगाखालून हात काढून घ्यावा. इतकी चांगली गाडी मी आयुष्यात पुन्हा कधी चालवली नाही.

माथ्यावर मुलांच्या आरोळीनं ते जागे झाले. "आलो? अहो, आलोसुद्धा?"

शाळा त्यांना आवडली. खरंच आवडली. त्यांनी दित्याला सतराचा पाढा उलटा म्हणायला लावला, त्यानं म्हटला. सुरमीनं नकाशात तापी उगमापासून समुद्रापर्यंत बोटानं दाखवली. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तालुक्याच्या शाळेत हे नाही," ते म्हणाले. मग चहा घेता घेता त्यांनी पिशवीतून छापील कागद काढला आणि एकेक रकाना भरू लागले. पटसंख्या. खोली. पाणी. मी उभी होते, भिका दारात.

साहेबांनी मान वर केली आणि मुलांकडे बघून प्रेमानं विचारलं, "काय रे, बाईंची ही गाडी तुमच्या गावात येते का?"

"येते!" अठरा आवाज एकदम आले.

"कधीतरी, की रोज?"

"रोज येते!" सगळ्यांत मोठा आवाज सुरमीचा होता. ती पायांच्या चवड्यांवर उभी राहिली होती.

साहेबांनी कागदावर एक खूण केली. खूण कुठल्या रकान्यात पडली ते मी वाकून पाहिलं. तो रकाना मला पाठ होता. चार वर्षांपूर्वी अर्जात मीच लिहिलं होतं. वेगळी शाळा मागण्याचं कारण: या वस्तीस वाहन पोहोचत नाही.

मी ते विसरले नव्हते. पण अख्खा मार्च माझ्या डोक्यात एकच होतं, साहेबांना वर कसं आणायचं. त्या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून कधी पाहिल्याच नव्हत्या.

"साहेब," मी म्हणाले, "तो रकाना… इथे वाहन येत नाही."

"मग मी कसा आलो? झोपेत चालत आलो?"

"ही एकच गाडी येते. तिची कमान बदलली आहे, टायर बदललेत, हवा काढावी लागते. दुसरी कुठलीच—"

"साहेब, ती गाडी नाही म्हना तुमी," भिका पुढे आला.

"मग काय आहे?"

 भिकानं हात हवेत हलवले आणि खाली घेतले.

"बाई," कुलथेसाहेब मऊ आवाजात म्हणाले, "माझ्या कागदावर होय आणि नाही, दोनच आहेत. वाहन येतं तिथे वेगळी शाळा मिळत नाही. आणि मला विचाराल तर हे चांगलंच आहे. बोरठाणला इमारत आहे, चार शिक्षक आहेत, दुपारचं खाणं आहे. मुलं गाडीनं जातील. तुमचं नाव मी शिफारशीत लिहितो."

परत निघताना भिका मला जीपमागे, हवा भरायच्या हातपंपापाशी घेऊन गेला. "बाई, टायरांत हवा भरतो. दगडासारखी करतो. खाली जाईपर्यंत त्याचे सगळे सांधे खुळखुळतील. मग कळेल रस्ता कसा आहे ते."

मला ते करावंसं वाटलं. फार वाटलं. मी मागे वळून बघितलं. अठरा मुलं ओळीनं उभी राहून साहेबांना टाटा करत होती.

"नको," मी म्हणाले.

उतरतानाही साहेब झोपले.

मे महिन्यात पत्र आलं. मान्यता नाही, मुलं बोरठाणच्या शाळेत सामावून घ्यावीत. संस्थेनं मला नवीन पद दिलं, वाहतूक सहायक. पाड्यातल्या कुणी मला बोल लावला नाही. फक्त सुरमी एका संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन उभी राहिली.

"बाई, मी हळू बोलले असते तर?"

"तर बाकीचे सतरा होते ना."

"सगळ्यांनी येत नाही म्हटलं असतं तर?"

मी तिला आत बोलावलं. ती आली नाही, चौकटीला धरून उभी राहिली.

"सुरमी, तुझं उत्तर बरोबर होतं. मी पूर्ण गुण दिले असते. चूक प्रश्नात होती. तो ज्यांनी छापला त्यांनी जिना पाहिलेला नाही. आणि गाडी आणायचं मी ठरवलं होतं, तू नव्हे."

तिनं ऐकून घेतलं. पटलं असं तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ती निघून गेली.

जूनमध्ये आमची वरात सुरू झाली. अठरा मुलं एका वेळी बसवली तर सहा पाटे दबून जात, म्हणून दहा-अकरा बसत आणि बाकीची शेजारून चालत; अर्ध्या वाटेत अदलाबदल. जीप त्यांच्याच चालीनं जाई, त्यामुळे कुणी मागे पडत नसे. सव्वा तास जाताना, सव्वा तास येताना. पाढे झाले, कविता झाल्या, झाडांची नावं झाली. पाऊस असला की ताडपत्री. लहानगी मात्र पहिल्या वळणालाच झोपत, एकमेकांच्या अंगावर रेलून, आणि मी त्यांना शाळेच्या दारात उठवत असे.

सुरमी बसली नाही. तिची पाळी आली की ती म्हणे, "मला चालायचं आहे." पुढच्या चाकाशेजारून ती रोज चालत असे, दप्तर पाठीला, नजर खडकावर. जून गेला, जुलै गेला. मी एकदाही आग्रह केला नाही. भिका एकदा नळ्या तपासायला आला तेव्हा त्यानं तिला हाक मारली, "चल गं मास्तरीण, बस." तिनं फक्त नकारार्थी मान हलवली.

ऑगस्टच्या मधल्या कुठल्याशा सकाळी दाट धुकं होतं. दोन हातांवरचं दिसत नव्हतं. जिना उतरून आम्ही अदलाबदलीला थांबलो. चालणारी बसली, बसलेली उतरली. मी गिअर टाकणार, तोच माझ्या शेजारी हालचाल झाली. सुरमी चढून बसली होती. तिनं दप्तर मांडीवर घेतलं आणि समोर धुक्यात बघत राहिली. मी गिअर टाकला.

"बाई," थोड्या वेळानं ती म्हणाली, "हिच्यात झोप येते."

"येते ना."

"साहेबांना म्हणून आली."

"हो."

एवढंच. नंतर तिचं डोकं हळूहळू कलत गेलं आणि माझ्या डाव्या दंडावर येऊन टेकलं. तिचं तोंड किंचित उघडं होतं. धुक्यातून मुलांच्या चपलांचा आवाज येत होता आणि मागच्या सीटवर कुणीतरी झोपेतच तेराचा पाढा पुटपुटत होतं.

घाट संपला. पुढे दोन किलोमीटर बोरठाणची सपाट वाट होती. तिथे मी रोज मोठा गिअर टाकत असे आणि चालणाऱ्या मुलांना कोंबून घेऊन भर्रकन शाळेत पोहोचत असे. त्यासाठी डावा हात हलवावा लागला असता. मी तो हलवला नाही. खालच्याच गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं, आम्ही बोरठाणात शिरलो.

शाळा भरून अर्धा तास झाला होता. हेडमास्तर पायरीवर येऊन उभे राहिले.

"काय हो देवरेबाई, आज उशीर? रस्ता खराब झालाय का?"

"नाही," मी हळूच म्हणाले. "रस्ता चांगला आहे. जरा थांबा, उठवू नका."